सामाईक विहीर आणि दोन संगणक

आमच्या भागात 'शेअर' हा शब्द संगणकाने आणला नाही. तो साखर कारखान्याने आणला. कोडोलीला लागूनच वारणानगर. तिथल्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि आसपासच्या गावांत घरोघर शेअर पोचला. 'तुमचा शेअर आहे का?' याचा अर्थ 'तुम्ही सभासद आहात का?' शेअरचा कागद लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवायचा. त्यामुळे माझी मुलगी पहिल्यांदा म्हणाली की, "बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर शेअर करा की," तेव्हा पलंगावर बसलेल्या आबांनी कान टवकारले. "कुणाच्या नावावर करतोय रं?" त्यांनी विचारले.

आम्ही सगळे हसलो. आज वाटते, हसायला नको होते. त्या दिवसापासून पुढे सहा-सात महिने आमच्या घरात जो गोंधळ झाला, त्याचे सगळे मूळ आबांच्या त्या एका प्रश्नात होते.

मराठीत वाटून घेण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत आणि आपण त्यांची गल्लत सहसा करीत नाही. 'वाटणी' म्हणजे एकाचे दोन तुकडे. ज्याचा त्याचा वेगळा बांध. 'वाटप' म्हणजे दिले आणि संपले. पण 'सामाईक' ही तिसरीच गोष्ट. विहीर सामाईक असते. तिचे तुकडे होत नाहीत, ती कुणाच्या घरी जात नाही. ती जागच्या जागी राहते आणि ठरलेल्या माणसांनी ठरलेल्या पाळीने तिचे पाणी घ्यायचे असते. कोण घेणार, किती घेणार, मोटार कोण चालू करणार आणि गाळ कोण काढणार हे सगळे आधी ठरवावे लागते. संगणकावरचे फोल्डर 'शेअर' करणे म्हणजे वाटणीही नव्हे आणि वाटपही नव्हे. ती सामाईक विहीर आहे. पण आपण ती खोदतो आणि पाळी ठरवायचे तेवढे विसरतो.

आमचे घर तसे साधेच. खाली सोप्यात एक जुना डेस्कटॉप. त्यावर मी शेताचे हिशेब ठेवतो. सातबारा, आठ-अ, ऊसबिलांच्या पावत्या, पासबुकाची पाने स्कॅन करून त्यातच ठेवलेली. माडीवर मुलीचा लॅपटॉप. शेजारच्या भिंतीला भिंत लागून धाकट्या भावाचे घर. वायफाय मात्र दोघांत एकच. आणि त्या डेस्कटॉपवर आणखी एक ऐवज होता. आईच्या जात्यावरच्या ओव्या. १९९४ साली भावाने टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे २००९ साली मी त्या संगणकात उतरवल्या. एकूण चौदा ध्वनिफिती. आई आता नाही. कॅसेटची फीत केव्हाच चिकटून गेली.

मुलीला त्या ओव्या हव्या होत्या, अधूनमधून ऐकायला. सोपा, माडी, मध्ये बारा पायऱ्या. पण एवढेसे अंतर काटायला आम्ही काय करीत होतो, तर खालच्या संगणकावरून ती फाईल इंटरनेटवर चढवीत होतो, ती कुठल्यातरी दूरच्या गोदामात जाऊन बसत होती आणि तिथून माडीवर उतरत होती. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची म्हणून ती कुरिअरने पाठवावी, तसा प्रकार. पावसात तार तुटली आणि इंटरनेट गेले की तेही बंद. वास्तविक घरातल्या घरात फाईल न्यायला इंटरनेट लागतच नाही. राउटरला वीज असली म्हणजे पुरे. दोन्ही यंत्रे त्याच्याशी जोडलेली असतात आणि तो खालचे वर, वरचे खाली नेऊन देतो. बहुतेक घरांत हे माहीत नसते. माहीत असले तरी एकदा करून पाहतात, जमत नाही आणि सोडून देतात.

आम्ही करून पाहिले. जमले नाही. मग एका जाणत्या म्हणवणाऱ्या ओळखीच्या मुलाला बोलावले. त्याने चहा निवायच्या आत काम केले. फायरवॉल बंद केली. पासवर्ड विचारणे बंद केले. फोल्डरवर 'एव्हरीवन' म्हणजे सर्वांना 'फुल कंट्रोल' म्हणजे संपूर्ण अधिकार देऊन टाकले. माडीवरच्या लॅपटॉपवर झेड नावाचा एक नवा ड्राइव्ह दिसू लागला. मी खूश. आबांनी पुन्हा विचारले, "कुणाच्या नावावर केलंस?" मी म्हणालो, "सगळ्यांच्या." ते काही बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी धाकट्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा माडीवर बहिणीच्या लॅपटॉपवर खेळायला बसला. खेळ उतरवायला जागा कमी पडत होती. पोराने स्वतःच जागा करायचे ठरवले. झेड ड्राइव्हमध्ये 'न्यू फोल्डर ३' नावाचे एक फोल्डर होते. असल्या नावाच्या फोल्डरात कामाचे काही असेल असे कुणालाही वाटणार नाही. त्याने ते पुसले. यंत्राने विचारलेसुद्धा, 'कायमचे पुसू का?' त्याने हो म्हटले. त्या फोल्डरात आईच्या ओव्या होत्या. नाव मीच दिले नव्हते.

दोन दिवस आम्ही कचरापेटी शोधत होतो. या यंत्रावरची, त्या यंत्रावरची. नंतर समजले की, नेटवर्कवरून पुसलेली फाईल 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही. ना वरच्या, ना खालच्या. ती सरळ जाते. पोरगे रडत आले, "काका, मला ठावं न्हवतं." त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती सामाईक विहिरीची मोटार आणि कुलपाची किल्ली मीच दिली होती. पुढे कपाटाच्या तळाशी एक जुनी सीडी सापडली. तिच्यावरच्या चौदापैकी नऊ ध्वनिफिती वाचता आल्या. पाच गेल्या. त्यांतली एक लेकीला सासरी धाडतानाची होती. त्या ओवीत आईचा आवाज मध्येच थांबायचा, आणि नुसती जात्याची घरघर ऐकू यायची.

त्याच सुमारास घरात नवा राउटर आला आणि झेड ड्राइव्ह दिसेनासा झाला. आता मात्र मी ठरवले की कुणाला बोलवायचे नाही. स्वतः समजून घ्यायचे. पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. इथे जो तो वेगळा उपाय सांगतो. कुणी म्हणतो हे बटण बंद करा, कुणी म्हणतो ते चालू करा. मी एका संध्याकाळी दहा बटणे फिरवली आणि मग कोणते कशासाठी फिरवले तेही आठवेना.

आबा ते पाहत होते. त्यांना संगणकातले काही कळत नाही. पण त्यांचा जन्म दारे धरण्यात गेला आहे. ते म्हणाले, "लेका, शेवटच्या सरीला पाणी येईना म्हणून तू पाइप उकरत न्हाईस. मोटारीपास्नं चालत यायचं. पाणी कुठवर आलंय ते आधी बघायचं. जिथं थांबलंय तिथंच खोट."

एवढ्या वर्षांत दोष शोधण्याची याहून चांगली रीत मला कुणी सांगितली नव्हती. आम्ही मोटारीपासून चालत निघालो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. वाचकांपैकी कुणाच्या घरी असाच घोळ असेल, म्हणून ती वाट क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दोन्ही यंत्रे एकाच पाटावर आहेत का? राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो. घरात तो बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो आणि एका घरातल्या यंत्रांचे पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावे की राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही; यंत्राने आपला आपणच घालून घेतला आहे. आमचे तिसरे आकडेच जुळत नव्हते. कारण नव्या राउटरवर वायफायची दोन नावे होती, एक घरच्यांसाठी आणि एक पाहुण्यांसाठी. मुलीचा लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायला लागला होता. पाहुण्याला इंटरनेट मिळावे पण घरातली कपाटे दिसू नयेत, याचसाठी ती सोय असते. ती आपले काम चोख करीत होती.

दुसरी गोष्ट, यंत्राला हे घर वाटते की बाजार? विंडोज प्रत्येक नव्या नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' मानते. पब्लिक म्हणजे एसटी स्टँड. तिथे यंत्र आपले तोंड झाकून घेते, कुणाला दिसत नाही, कुणाला आत घेत नाही. राउटर बदलला की त्याच्या लेखी नेटवर्कही नवे. आमची दोन्ही यंत्रे आपल्याच घरात एसटी स्टँडवर बसल्यासारखी बसली होती. त्यांना सांगावे लागले की, बाबांनो, हे घर आहे. हे एकदा सांगितले की फायरवॉल बंद करायचे कारण राहत नाही. घराचे दार उघडायला भिंत पाडावी लागत नाही.

तिसरी गोष्ट, दिसणे वेगळे आणि पोचणे वेगळे. नेटवर्कच्या यादीत यंत्राचे नाव दिसत नाही म्हणून लोक हताश होतात. पण नाव हाका मारून सांगणारी यंत्रणा निराळी असते आणि फाईल देणारी निराळी. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन खालच्या संगणकाचा आकडी पत्ता लिहिला आणि दार वाजले! म्हणजे पाणी इथवर आले होते. तो पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्या यंत्रासाठी तो राखून ठेवता येतो, तेही केले. आणि डेस्कटॉप अर्ध्या तासाने झोपी जात असे, ती झोपही मोडली. झोपलेल्या यंत्राला कितीही हाका मारा, ते ओ देत नाही.

चौथी गोष्ट, नाव आणि पासवर्ड. इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ अडखळलो. मुलगी लॅपटॉप उघडताना चार आकडी पिन घालते. तीच तिने इथेही घातली. ती चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरतीच असते, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि माझ्या डेस्कटॉपला पासवर्डच नव्हता. मला वाटे, पासवर्ड नाही म्हणजे सगळ्यांना मोकळे. प्रत्यक्षात उलट आहे. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्याला विंडोज समोर बसून उघडू देते, पण बाहेरून येऊ देत नाही. आणि हे योग्यच आहे. मग डेस्कटॉपवर मुलीच्या नावाचे एक वेगळे खाते काढले, त्याला पासवर्ड दिला. आबांच्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळाले.

पाचवी गोष्ट, कुलपे दोन असतात. एक फोल्डर 'शेअर' करतानाचे आणि दुसरे त्या फोल्डरचे स्वतःचे. अंगणाचे फाटक आणि खोलीचे दार, असेच. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि दोन्हींपैकी जे अधिक कडक, ते चालते. आईच्या ओव्यांना आम्ही फाटकावर फक्त वाचण्याची परवानगी ठेवली. माडीवरून ऐका, उतरवून घ्या. पुसता येणार नाही. ऊसबिलांच्या फोल्डरला मुलीच्या नावाने लिहिण्याचा अधिकार दिला, कारण हिशेब आता तीच लिहिते. पासबुकाची पाने सामाईक फोल्डरातून काढूनच घेतली.

पाहता पाहता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पाच ठिकाणी पाणी अडले होते, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी यंत्र बिघडलेले नव्हते. प्रत्येक ठिकाणी ते आम्हाला एकच विचारीत होते की, हा माणूस घरचा की परका, आणि याला काय काय करू द्यायचे? आम्ही त्याचे उत्तर कधी दिलेच नव्हते.

'सगळ्यांना सगळे' हे उत्तर नव्हे. ती उत्तराची टाळाटाळ आहे. ती किती महागात पडते हे जगाने २०१७ च्या मे महिन्यात पाहिले. फाईल वाटण्याची जी भाषा विंडोजची यंत्रे आपापसांत बोलतात, ती एसएमबी, आयबीएममध्ये १९८०च्या दशकात जन्मली. तेव्हा जोडलेली यंत्रे एका कचेरीतली, एकमेकांच्या ओळखीची असायची. त्या भाषेची पहिली, जुनाट आवृत्ती वापरूनच 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम एका यंत्रातून दुसऱ्यात पसरला. दीडशेच्या आसपास देशांतली दोन लाखांहून अधिक यंत्रे त्याने धरली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटापासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती जुनी भाषा मूळ मांडणीतून वगळली गेली. म्हणून जुना प्रिंटर किंवा जुना संगणक दिसेनासा झाला की ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. जुने यंत्र सुधारता येत नसेल, तर त्यातला ऐवज काढून घ्यावा आणि त्याला विश्रांती द्यावी.

यंत्रे जोडण्याची गोष्ट आमच्या परिसराला तशी नवी नाही. १९९८ साली वारणेच्या खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आखला गेला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तो उभा केला. गावोगाव संगणकाची केंद्रे निघाली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची उधारी ही माहिती शेतकऱ्याला वारणानगरला हेलपाटा न घालता गावातच मिळू लागली. शेतमालाचे भाव, शिक्षण, आणखी पुष्कळ गोष्टींची स्वप्नेही तेव्हा पाहिली गेली. पुढे २००६ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी इथे येऊन पाहणी केली, तेव्हा त्यांना आढळले की केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या आकड्यांची ने-आण करण्यापुरताच होतो आहे. मग त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवले.

याला अपयश म्हणणारे म्हणोत. मला त्यात निराळा धडा दिसतो. तारेने गावे जोडली जातात, पण तारेतून तेच वाहते ज्याची लोकांना खरी गरज असते आणि ज्याच्या पाळ्या आधी ठरलेल्या असतात. उसाची नोंद कुणाच्या नावे, तोड कधी, वजन किती, हे नियम कारखान्याने संगणक यायच्या कितीतरी आधी घालून दिले होते. म्हणून तेवढे टिकले. सहकार आधी होता, तार मागाहून आली. आपल्या घरांत नेमके उलटे चालले आहे. तार आधी आली आहे, आणि सहकार अजून यायचा आहे.

माझे म्हणणे एवढेच की घरातल्या कागदपत्रांचा, फोटोंचा, आवाजांचा कारभार हा आता घरातल्या धान्याच्या कणगीइतकाच महत्त्वाचा कारभार झाला आहे. तो कुण्या ओळखीच्या मुलावर किंवा दूरच्या गोदामावर संपूर्ण सोडून देणे बरे नव्हे. गोदाम वापरू नये असे मी म्हणत नाही. आग लागली, पूर आला, तर बाहेर ठेवलेली एक प्रतच तारते. आणि वारणेचा, पंचगंगेचा पूर २०१९ साली आपण सर्वांनी पाहिला आहे. पण ती दुसरी प्रत असावी, घराचा एकुलता एक रस्ता नव्हे. आणि सामाईक फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. विहीर दोघांची असली तरी ती एकच असते. आटली की दोघांची आटते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. प्रत्येक ओवीखाली गाणारणीचे नाव आणि गाव दिलेले असते. वाचायला सगळ्यांना मोकळीक, पुसायला कुणालाच नाही, आणि वर नाव लिहिलेले. शेअर करणे ते हे. मी आईच्या फोल्डरला 'न्यू फोल्डर ३' ऐवजी तिचे नाव दिले असते, तरी पोराने ते पुसले नसते.

आता दिले आहे. नऊ ध्वनिफिती डेस्कटॉपवर, त्यांची एक प्रत भावाकडच्या हार्ड डिस्कवर, एक बाहेर. परवा रविवारी इंटरनेट गेले होते. माडीवरून जात्याची घरघर आणि आईचा आवाज खाली आला. आबांनी पलंगावरून मान वर केली. पुतण्या पायरीवर बसून ऐकत होता. मी त्याला म्हणालो, "वर जाऊन बस की, मोठ्यानं ऐकू येईल." तो म्हणाला, "काका, माझं पण एक नाव काढून द्या की त्यात. वाचायपुरतं."